खडीतलं बिऱ्हाड

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून किमान दोनदा 'मुळं' या विषयावर भाषण ऐकावं लागतं. एकदा गणपतीत आणि एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं असतं, मागून बटाटेवड्यांचा वास येत असतो, मुलं बाहेर इंग्रजीत भांडत असतात आणि माइकसमोरचं कोणीतरी भरल्या गळ्याने सांगत असतं, की कुठेही गेलो तरी आपण आपली मुळं विसरता कामा नये. टाळ्या पडतात. मीही वाजवतो. तेवीस वर्षं मिनेसोटात वाजवतो आहे. पण एक शंका मला कायम छळायची. विसरायची नाहीत हे कबूल, पण ती मुळात पाहिली आहेत कोणी? पान आपण बघतो, फूल बघतो, फळ तर चाखूनच बघतो. मूळ मात्र वादळात झाड आडवं झालं तरच दिसतं, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष झाड कोणाच्या गाडीवर पडलं याकडे असतं. जी वस्तू अपघातातच दृष्टीस पडते तिच्याविषयी इतक्या खात्रीने बोलणं मला जरा धाडसाचं वाटायचं. मग एका मे महिन्यात साठेक झाडांची मुळं एकाच सकाळी माझ्या हातातून गेली, आणि तेव्हापासून त्या भाषणांत माझं लक्ष लागेनासं झालं आहे.

त्याचं असं झालं. सेंट पॉलजवळच्या ज्या उपनगरात मी राहतो, तिथल्या रस्त्यांना दुतर्फा ॲशची झाडं होती. त्यांच्या आधी म्हणे एल्म होते. दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत गुंतून रस्त्याभर मांडव घातल्यासारखं दिसायचं, असं इथले म्हातारे अजून सांगतात, आणि सांगताना नकळत वर बघतात. 1970 च्या दशकात डच एल्म रोगाने तो मांडव मोडला. मग जाणत्या माणसांनी विचार करून पुष्कळ ठिकाणी पुन्हा एकाच जातीचं झाड रांगेने लावलं, ते म्हणजे ॲश. एका दुकानाच्या लॉटरीत बुडालेल्या माणसाने शहाणपण येऊन पलीकडच्या दुकानातून तिकीट घ्यावं, तसंच हे. 2002 मध्ये पूर्व आशियातून आलेला एक भुंगा मिशिगनमध्ये सापडला आणि 2009 मध्ये तो सेंट पॉलला पोहोचला. नाव एमराल्ड ॲश बोरर. दिसायला देखणा, पैठणीच्या काठासारखा झळझळीत हिरवा आणि जेमतेम एक सेंटिमीटर लांब. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे काढत जातात आणि झाडाचं अन्नपाणी तोडतात. माझ्या दारातला ॲश एका दुपारी नगरपालिकेची माणसं येऊन कापून गेली, बुंध्याचासुद्धा भुसा करून गेली. संध्याकाळी घरी आलो तर घर मिशी काढलेल्या माणसासारखं ओशाळवाणं उभं होतं.

गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची तर एक अडचण असते, ती मातीची. शेतात वाढवलेलं बऱ्यापैकी झाड मातीच्या गोळ्यासकट, गोणपाटात बांधून आणलं तर त्याचं वजन दोनअडीचशे किलोच्या घरात जातं. ते यंत्राने उचलायचं, यंत्राने उतरवायचं, आणि एवढा थाट करून त्याची बरीचशी मुळं शेतातच तुटून राहिलेली असतात. कुंडीतलं झाड हलकं, पण त्याची मुळं कुंडीच्या भिंतीला थडकून गोल गोल फिरायला लागतात आणि पुढे कधीतरी स्वतःच्याच खोडाला फास लावतात. राहिलं तिसरं, उघड्या मुळांचं झाड. माती नाही, कुंडी नाही, नुसती काठी आणि खाली झिपऱ्या. स्वस्त आणि हलकं, एका माणसाला खांद्यावर टाकून नेता येईल असं. फक्त ते झोपेत असतानाच लावावं लागतं. वसंतात कळ्या फुटायच्या आधीचे थोडे आठवडे मिळतात, आणि मिनेसोटातला वसंत हा सरकारी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीच्या उलट असतो. केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला हे कळत नाही.

यावर मिसुरी विद्यापीठातल्या ख्रिस स्टारबक यांनी एक युक्ती काढली. (आडनाव वाचून दचकू नये, त्यांचा त्या दुकानांशी संबंध नाही. कॉफी मात्र या गोष्टीत पुढे येणार आहे.) वसंतात आलेली झाडं मातीत न लावता वाटाण्याएवढ्या गोल खडीच्या वाफ्यात रोवायची, दिवसातून बरेच वेळा थोडं थोडं पाणी द्यायचं आणि शरद ऋतूत काढून कायमच्या जागी लावायची. खडीत पाणी थांबत नाही आणि हवा खेळती राहते. त्यामुळे तुटलेल्या मुळांच्या टोकांना बारीक तंतुमुळं अशी काही फुटतात, की चारपाच महिन्यांत झाडाचं बुड ओळखू येत नाही. मिनेसोटा विद्यापीठातले गॅरी जॉन्सन यांनी ही गोष्ट इथल्या गावागावांत नेली, आणि आमच्याकडेही नगरपालिकेच्या गोदामामागे फळ्यांचा एक लांबट हौद उभा राहिला. नऊ भाग खडी, एक भाग वाळू. खोली हात घातला तर कोपर बुडेल इतकी. देखभाल करायला गावातले हौशी लोक होते. एक निवृत्त पोस्टमन, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, दोन कॉलेजातली मुलं, मी, आणि त्या वर्षी माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई.

आई राजापूरजवळच्या खेड्यातली. वय एक्याऐंशी. झाडांचा ट्रक आला त्या सकाळी अंगावर माझं जाकीट, डोक्याला स्कार्फ आणि पायांत पायमोज्यांवर चपला अशा वेषात ती घडीच्या खुर्चीवर बसली होती. जुड्या सोडल्या आणि पोस्टमननी एक झाड उभं धरलं. पाच-सहा फुटांची सरळ काठी, खाली म्हाताऱ्या कोंबडीच्या पंज्यासारखी चारपाच जाड मुळं, टोकं कापलेली. आई क्षणभर बघत राहिली आणि मग हलकेच म्हणाली, "अरे, झाका तरी त्यांना." मी म्हटलं, वाळू नयेत म्हणून झाकतातच. "वाळण्यासाठी नव्हे रे," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. पण ते वाक्य ऐकल्यावर मलाही त्या झाडांकडे रोखून बघायला संकोच वाटू लागला. इस्पितळात पाठीमागे नाड्या बांधायचे झगे घालून ओळीत बसवलेल्या माणसांकडे आपण असंच बघत नाही.

खडीचं मात्र तिला काडीचं नवल वाटलं नाही. आमच्या गावी कातळावर सुरुंग लावून खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसची कलमं लावतात. जिथे नारळ फोडायला दगड शोधावा लागत नाही तिथल्या बाईपुढे गोल खडीचं कौतुक कोण सांगणार? आणि उघड्या मुळांचं म्हणाल तर भाताची लावणी दुसरी काय असते? आषाढात तरवा उपटायचा, मुळं पायावर आपटून चिखल झाडायचा, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात नेऊन लावायच्या. सातवीत असताना एका पावसाळ्यात मी तीन दिवस तरवा काढला आहे. चौथ्या दिवशी कंबर धरून शाळेत गेलो, मास्तरांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून मान डोलावली. त्यांच्याकडेही लावणीच चालू होती. तेव्हा मुळं मी पाहिलीच नव्हती हे वरचं विधान खरं नाही. पोतीभर पाहिली होती. पण पोटासाठी पाहिलेली वस्तू माणूस पाहिलेल्यांत धरत नाही. "लावलेलं भात दोन-चार दिवस पिवळं पडतं," आई विज्ञानाच्या बाईंना सांगत होती आणि मी इंग्रजीत आणत होतो. "आधी रुसतं, मग रुजतं." हे इंग्रजीत आलं नाही. बाईंनी वहीत 'ट्रान्सप्लांट शॉक' असं लिहून घेतलं.

ओक, लिंडन, हॅकबेरी, सगळे आठवड्या-दोन आठवड्यांत पानावर आले. एक काठी तशीच राहिली. तिच्या बिल्ल्यावर केंटकी कॉफीट्री असं लिहिलं होतं. पूर्वी वसाहतवाले लोक हिच्या बिया भाजून कॉफी म्हणून प्यायचे, न भाजता खाल्ल्या तर विषारी. शास्त्रीय नावातल्या 'जिम्नोक्लाडस'चा अर्थच मुळी उघडी फांदी. पानं सगळ्यांच्या शेवटी येतात आणि सगळ्यांच्या आधी गळतात. सरकारी नोकरीत हे झाड शोभलं असतं. मे संपत आला तरी काठी ती काठीच. पोस्टमन म्हणाले, थांबू अजून. आई म्हणाली, "थांबायचं काय, विचारू की." तिने अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आत ओलसर, कोवळ्या काकडीच्या सालीसारखा हिरवा रंग. "आहे," ती म्हणाली, आणि खुर्चीवर जाऊन बसली. त्यानंतर ती रोज विचारायला लागली. रोज थोडं खाली, एक नवा ओरखडा. झाडाला इजा होते, असं विज्ञानाच्या बाईंनी हळूच सुचवून पाहिलं. मी भाषांतर केलं. आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या नखाने खरवडायला सुरुवात केली. जूनमध्ये एका सकाळी टोकाला तांबूस कोंब दिसला आणि बघता बघता हातभर लांब, पिसासारखं दुहेरी पान पसरलं. "गुलमोहराचा चुलतभाऊ दिसतोय," आई म्हणाली. मी घरी येऊन पुस्तक काढलं. दोघं खरोखरच एका कुळातले निघाले.

पाण्याची पाळी आठवड्याला एकेका घराकडे असे. पाणी घड्याळावरच्या नळीनेच पडायचं, माणसाने फक्त ते पडतंय ना एवढं बघून यायचं. जुलैत लोक तळ्याकाठच्या झोपड्यांवर जातात (दहा हजार तळ्यांचं राज्य आहे, गाडीच्या पाटीवरच लिहिलेलं असतं), त्यामुळे तक्त्यात रिकाम्या जागा पडल्या. त्या सगळ्यांत मी आईचं नाव घातलं, म्हणजे रोमन लिपीत 'आई' असं लिहिलं. पोस्टमननी ते एक अक्षर जास्त पडलेलं 'एआय' समजून वाचलं आणि दोन आठवडे त्यांची अशी समजूत होती, की नगरपालिकेने वाफ्याला कसली तरी नवी स्वयंचलित यंत्रणा बसवली आहे. खुलासा झाल्यावर ते म्हणाले, "नॉट टू बॅड." मिनेसोटात याहून मोठी शाबासकी नाही. आईला मी अर्थ सांगितला, 'फारसं वाईट नाही', आणि ती खुश झाली. आमच्या राजापुराकडेही पंचपक्वान्न जेवून उठलेला माणूस 'बरं होतं' एवढंच म्हणतो.

पण एआयची खरी कसोटी लागली ती माझ्या हुशारीमुळे. उन्हाळा कडक झाला म्हणून मी घड्याळात पाण्याच्या वेळा वाढवायला गेलो आणि सकाळ-संध्याकाळच्या खुणांचा घोळ करून ठेवला. रात्रभर पाणी व्यवस्थित पडलं, दिवसा टिपूस नाही. त्या दिवशी पारा पस्तिशीच्या पुढे गेला होता. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसलो असताना आईचा फोन आला, "खडी पांढरी पडलीय रे." ओली खडी काळपट दिसते, वाळली की पांढरी. ही गोष्ट सबंध उन्हाळ्यात आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण आम्ही घड्याळाकडे बघत होतो आणि ती खडीकडे. मी पोहोचलो तेव्हा ती गोदामाच्या नळावरून कोणाचा तरी कॉफीचा मग भरून आणत होती आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी ओतत होती. साठ झाडं, एक मग. ओळीच्या मध्यावर आली होती. मी घड्याळ सुधारलं, पाणी फवाऱ्यासारखं उडालं, तरी तिने हातातला मग ओतल्याशिवाय सोडला नाही. त्या झाडाची पाळी होती.

मराठीत मूळ या शब्दाइतका राबवून घेतलेला शब्द क्वचित असेल. मूळ गाव, मूळ किंमत, मूळ मुद्दा, मुळाक्षरं, कोणाच्या तरी मुळावर येणं, आणि ज्याची चर्चा दबक्या आवाजात होते तो मूळव्याध. पण यातला मला सर्वांत आवडणारा अर्थ आता जवळजवळ पुसला गेला आहे. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला कोणी आलं, की 'मूळ आलं' म्हणायचे, आणि येणाऱ्याला मुऱ्हाळी. आईला लग्नानंतर पहिलं मूळ आलं ते धाकट्या मामाच्या रूपाने. तेव्हा तो चौदा वर्षांचा, आठ मैल चालत आलेला, आणि सासरच्या अंगणात आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार करायच्या आधी ओटीवर बसून झोपी गेला. अजून ही गोष्ट सांगताना तिला हसू येतं. मूळ म्हणजे आपल्याला जखडून ठेवणारी वस्तू, असं दिवाळीच्या भाषणात असतं. आईच्या भाषेत ते चालत येतं आणि घेऊन जातं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी झाडं काढली. खडीतून झाड उपसणं ही फार सुखाची गोष्ट आहे. फावडं लागत नाही, ओढताण नाही. दोन्ही हातांनी धरून जरा हलवलं की खडी खळखळत गळून पडते आणि झाड अंघोळ करून बाहेर आल्यासारखं येतं. कोंबडीच्या पंज्यांचा मागमूस राहिला नव्हता. प्रत्येक मुळाला पांढुरक्या-तपकिरी तंतूंचा दाट झुबका, बोट घातलं तर अडकेल असा. "जावळ काढायला झालंय की," आई म्हणाली. मग ती मुळं एका बादलीत बुडवायची. बादलीत पाणी धरून ठेवणारा, हुबेहूब साबुदाण्याच्या खिरीसारखा दिसणारा गिलावा असतो. वर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि झाड हातात घेऊन चालत आपल्या रस्त्याला जायचं. त्या सकाळी आमच्या उपनगरात माणसं कडेवर मूल घ्यावं तशी झाडं घेऊन फिरत होती.

कॉफीट्री आमच्या दारात आला, जिथे ॲश होता तिथे. पानं तोपर्यंत गळून गेलेली होती, म्हणजे मेमध्ये काठी आणि ऑक्टोबरमध्ये काठी. बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा ढीग ज्वालामुखीसारखा रचायचा नाही, डोनटसारखा रचायचा, बुंधा मोकळा ठेवायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. मी आईला सांगितलं, मेदूवडा हवा. तिने चपला काढल्या, खाली बसली, हाताने भुसा सारून सुरेख गोल केला आणि म्हणाली, "आळं म्हण ना सरळ." थंडीत ससे साल कुरतडतात म्हणून खोडाभोवती जाळी लावायची होती. जाळी लावण्यापूर्वी तिने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. सालीवर बारीक जुन्या रेघा होत्या, एकाखाली एक, दुकानदाराने उधारी मांडून ठेवावी तशा.

तिचे सहा महिने महिन्याअखेर संपत होते. विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितली होती. ती घेऊन एक सोमाली मुलगा आला, वीसेक वर्षांचा, उंच, काटकुळा. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा माझा मुऱ्हाळी," ती मला म्हणाली. खुर्चीत बसली, पर्समधून राजगिऱ्याची एक वडी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि तो वडीकडे बघत असतानाच म्हणाली, "चल बाबा." मी काचेपलीकडे बराच वेळ उभा होतो. मागून कोणीतरी नम्रपणे 'एक्सक्यूज मी' म्हणालं. मग वाटेतून बाजूला झालो.

त्या हिवाळ्यात पारा शून्याखाली अठ्ठावीसपर्यंत गेला. रोज सकाळी खिडकीतून जाळीतली काठी दिसायची. मार्च गेला, एप्रिल गेला, समोरच्यांचा लिंडन हिरवा झाला. मे महिन्यात एका रविवारी आईचा व्हिडिओ फोन आला. राजापुराकडे रात्र होती, मागे पंखा फिरत होता आणि आई नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यात अर्धीच, कपाळापासून नाकापर्यंत दिसत होती. "आलं का पान?" नाही म्हटलं. "विचारलंस का?" नाही म्हटलं. "मग बाहेर जा."

मी गेलो. जाळी सोडली, फोन एका हातात धरला आणि तिच्या शेवटच्या रेघेच्या खाली अंगठ्याचं नख टेकवून जरासं खरवडलं. "जवळ धर," ती म्हणाली. "अजून जवळ. हलवू नको." मी श्वास धरून उभा राहिलो. पडद्यावर तिचा एक डोळा मोठा होत होत पुढे आला आणि बारीक झाला.

"हिरवं आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि नखं काप आधी. काय रे ही अवस्था."